छप्पर दिसलं पाहिजे

नाशिक शहर, देवळाली कॅम्प आणि इगतपुरी इथे इंग्रजी अमदानीतले कौलारू बंगले अजून उभे आहेत. पुढे पोर्च, पोर्चवर त्रिकोणी माथा, त्या त्रिकोणाच्या कडेला कातलेली लाकडी झालर, भोवती रुंद व्हरांडा आणि वर मंगळोरी कौलांची उतरती पाखी. ही घरं राहण्यासाठी बांधली होती. आता त्यांच्यापैकी कित्येकांच्या फाटकावर कुटुंबाच्या नावाची पाटी राहिलेली नाही. तिथे सरकारी खातं बसतं, एखादी संस्था बसते, वकिलांचं किंवा सनदी लेखापालांचं कार्यालय असतं, कुठे दवाखाना असतो. घराची कचेरी होते तेव्हा त्याच्या बांधणीचं काय होतं, काय टिकतं आणि काय कायमचं जातं, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या पानांवरचे नकाशे आणि छेदचित्रं नीट वाचता यावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. या घरांचा जीव त्यांच्या छपरात आहे. घरात कोण राहतं किंवा कोण काम करतं, याला दुय्यम महत्त्व आहे. छपराकडे रोज कोणाचं तरी लक्ष जातं की नाही, यावर घराचं आयुष्य ठरतं. कचेरी आली म्हणून घर मेलं असं होत नाही. उलट कचेरीनेच अनेक घरं जगवली आहेत. मात्र ज्या कचेरीने छपराखाली दुसरं छत ठोकून खरं छप्पर नजरेआड केलं, तिने घराला आजार जडवला आणि तो दिसू नये याचीही सोय केली.

नाशिकच्या वास्तूंबद्दल बोलायचं म्हटलं की लेणी, देवळं, घाट आणि वाडे एवढंच नजरेसमोर येतं, आणि त्यांचा मान मोठा आहेच. बंगल्यांकडे मात्र कोणी वळत नाही. ते परक्या सत्तेने बांधले, शिवाय फार जुनेही नाहीत, त्यामुळे त्यांचा अभिमान कोणाला वाटावा असा प्रश्न पडतो. पण जवळ जाऊन पाहिलं तर काळ्या दगडावरची टाकी इथल्या पाथरवटांची आहे, सागवानावरचा रंधा इथल्या सुतारांचा आहे आणि कौलं शाकारणारे हात इथल्या कामगारांचे आहेत. आराखडा परका असेल, बांधकाम इथलंच आहे. शिवाय स्वातंत्र्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत ही घरं वापरली, सांभाळली किंवा बिघडवली ती आपणच.

ही घरं इथे आली कशी, ते आधी पाहू. १८६५ मध्ये थळ घाटातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खुला झाला आणि मुंबई घाटमाथ्याला जोडली गेली. घाटाच्या डोक्यावरचं इगतपुरी रेल्वेचं गाव झालं. गाड्या चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्रणेसाठी तिथे अधिकारी, चालक आणि कारागीर वसले. देवळालीला १८६० च्या दशकात लष्कराचा तळ पडला. समुद्रमार्गे येणाऱ्या आणि मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या पलटणी तिथे थांबत. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याबरोबर कलेक्टर, न्यायाधीश, अभियंता, शल्यचिकित्सक, पोलीस अधिकारी अशी अख्खी साहेबांची फळी आली. त्यांना जुन्या गावातल्या दाट वस्तीत राहायचं नव्हतं. गावाबाहेर, मोकळ्या आवारात, झाडांच्या सावलीत बंगले उठले. त्याआधीच, १८५० च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आफ्रिकेचा शोध घेणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं पार्थिव आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत नेणाऱ्यांमधला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला होता.

साहित्यही रेल्वेच्या आसपास गोळा झालं. दगड जागचाच होता, दख्खनचा काळा पाषाण. सागवान डांगच्या जंगलातून येई. हे जंगल इंग्रजांनी १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतलं होतं. फरशी शहाबादची. कौलं मंगळूरची. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, म्हणजे थळ घाटाच्याच वर्षी. हाताने थापलेल्या नळीच्या कौलांच्या जागी यंत्राने दाबलेलं, खाचेत खाच बसणारं, चपटं कौल आलं आणि छपराची सगळी रीतच पालटली. जुन्या बंगल्याचं कौल उलटं करून पाहिलं तर पाठीवर कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा अनेकदा उमटलेला दिसतो. तो आकडा पाहून घर त्याच सालचं आहे असं मानू नये. ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे आणि पुढे कित्येक वर्षं तेच साच्यात कोरलेलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा कौलावरचं नाव बदललं. काळ ठरवायला आकड्यापेक्षा नाव अधिक उपयोगी पडतं.

आता त्या त्रिकोणाकडे येऊ. छपराची दोन पाखी मोभाशी भिडतात आणि दोन्ही टोकांना भिंतीचा त्रिकोण उघडा राहतो. तोच गेबल. चौपाखी घरात हा त्रिकोण नसतो. चारही बाजूंनी पाखं उतरतं आणि प्रत्येक भिंतीवर वळचणीची सावली पडते. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर मोठी घरं बहुधा चौपाखी असतात, कारण वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस उघडी भिंत फार सोसत नाही. इंग्लंडमध्ये मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात गेबल हे घरपणाचं चिन्ह ठरलं होतं. वास्तुकार ऑगस्टस प्यूजिन यांनी १८४१ मध्ये आग्रहाने मांडलं की इमारतीत जे गरजेचं आणि बांधणीतून आलेलं आहे, तेच सजवावं. केवळ शोभेसाठी काही चिकटवू नये. उतरतं छप्पर आणि त्याचा त्रिकोण हे त्या विचाराचं उघड उदाहरण होतं. पुढे हा त्रिकोण चर्चवरून शाळेवर, शाळेवरून बंगल्यावर आणि बंगल्यावरून स्टेशनवर गेला. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं राहिलं. शेती, अभियांत्रिकी, व्यापार अशा विषयांची शिल्पं त्याच्या गेबलांवर आहेत. ती इमारत मुळातच रेल्वेच्या कचेरीसाठी बांधली होती आणि आजही मध्य रेल्वेचं मुख्यालय तिथेच आहे. म्हणजे गेबल आणि कचेरी यांचं वैर नाही. इगतपुरीच्या बंगल्याच्या माथ्यावरचा छोटा त्रिकोण त्याच कुळातला आहे.

पण इथल्या पावसाने त्या त्रिकोणाला नमतं घ्यायला लावलं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या वर. याच जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला-नांदगावकडे, पाऊस इतका कमी की तिथे मातीच्या धाब्याची सपाट घरं शतकानुशतकं उभी राहिली. एका जिल्ह्यात छपराच्या उताराच्या एवढ्या तऱ्हा क्वचितच पाहायला मिळतात. बंगले बांधणाऱ्या अभियंत्यांनी आणि सुतारांनी यातून मधला मार्ग काढला. मुख्य छप्पर चौपाखी ठेवलं आणि गेबल पोर्चवर, मधल्या दालनावर किंवा एखाद्या पुढे आलेल्या खोलीवर तेवढा आणला. भोवतीच्या व्हरांड्याचं खालचं छप्पर भिंतींना पावसापासून राखतं आणि मधला त्रिकोण घराला चेहरा देतो. पुढच्या छेदचित्रांत हा तोडगा पुन्हा पुन्हा दिसेल.

त्रिकोणाच्या कडेची झालर पाहा. बहुतेकांना ती निव्वळ नक्षी वाटते. तिच्यामागे मोभाची, आडव्या तुळयांची आणि रिपांची उघडी टोकं असतात. लाकडाचं टोक पाणी सर्वांत लवकर पितं, म्हणून ती टोकं या फळीने झाकलेली असतात. फळीची खालची कड सरळ न ठेवता टोकदार कातलेली असते. पावसाचं पाणी फळीवरून ओघळत या टोकांशी येतं आणि तिथून थेंब सुटून खाली पडतो. कड सरळ असती तर तेच पाणी फळीच्या पोटाखालून मागे सरकत लाकडात शिरलं असतं. नक्षीचं प्रत्येक टोक म्हणजे पाण्याला दाखवलेली बाहेरची वाट आहे. दुरुस्तीत झालर काढून तिथे सपाट पत्र्याची पट्टी ठोकली की घराची शोभा जाते, आणि काही पावसाळ्यांत तुळयांची टोकंही जातात.

झालरीवरून नजर वर नेली की त्रिकोणाच्या मध्यावर एक गोल किंवा कमानदार झरोका दिसतो, लाकडी पट्ट्यांचा. खोलीतली तापलेली हवा वर चढते, छपराच्या पोकळीत साठते आणि या झरोक्यातून आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. तिच्या जागी व्हरांड्याच्या सावलीतली हवा खिडक्यांतून आत येते. चौदा-पंधरा फूट उंच खोल्या याच हिशोबाने बांधल्या होत्या. सुरुवातीच्या बंगल्यांत कौलांखाली चुना दिलेलं कापडी छत ताणलेलं असे. पुढे त्याच्या जागी लाकडी तक्तपोशी आली. पण कापड असो की फळ्या, वरच्या पोकळीत हवेला आणि माणसाला वाट ठेवलेली असे. वर चढून पाहता येत असे.

त्या पोकळीतली मुख्य वस्तू म्हणजे कैची. एक आडवी तुळई भिंतीपासून भिंतीपर्यंत, तिच्या दोन टोकांवरून वर चढून मोभाखाली भेटणारे दोन तिरके दांडे, आणि मध्ये एक उभा दांडा. पाहणाऱ्याला वाटतं की हा उभा दांडा खांब आहे, छपराचं ओझं खाली आडव्या तुळईवर टेकवणारा. खरं काम उलटं चालतं. छपराचं ओझं तिरके दांडे भिंतींवर नेतात, आणि तसं नेताना ते भिंतींना बाहेर ढकलू पाहतात. आडवी तुळई त्या दोघांना धरून ठेवते. उभा दांडा वरून लोंबतो आणि ही लांब तुळई मध्ये वाकू नये म्हणून तिला उचलून धरतो, झुंबराची साखळी झुंबराला धरते तसा. म्हणूनच त्याच्या पायाशी लोखंडी पट्टीचा पाश असतो आणि चांगल्या कामात दांडा आणि तुळई यांच्यात बोटभर फटही असते. हे ठाऊक नसलेला माणूस वातानुकूलनाची नळी न्यायला किंवा पोटमाळा काढायला आडवी तुळई कापतो. तत्काळ काहीच होत नाही. मग भिंतीच्या माथ्याशी केसाएवढी चीर दिसते, ती दर पावसाळ्याला रुंदावते, आणि कौलांची ओळ सरकते.

एवढी बांधणी समजली की घराची कचेरी होणं याचा विचार शांतपणे करता येतो. ही गोष्ट नवी नाही आणि परकीही नाही. आपल्या वाड्यात पुढच्या चौकात सदर असे, कारकून बसत, हिशेब होत, न्यायनिवाडे होत. कुटुंब मागच्या चौकात. साहेबाच्या बंगल्यातही व्हरांड्याच्या एका टोकाची खोली कामाची असे, तिला बाहेरून दार असे आणि अर्ज घेऊन आलेले लोक व्हरांड्यात वाट पाहत. घराच्या अंगावर कचेरीचा एक भाग मुळातच होता. पुढे तोच आत सरकला आणि सगळं घर व्यापून बसला.

नाशिकमध्ये याचं सर्वांत मोठं उदाहरण बंगल्याचं नसून वाड्याचं आहे. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा, उंच दगडी जोत्यावरचा, सागवानी खांबांचा. इंग्रजी अंमलात तिथे सरकारी कचेऱ्या आल्या. १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय तिथे नांदलं. पोलीस ठाण्याला तर वाड्याचंच नाव चिकटलं. आज तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. कचेऱ्यांनी वाड्यात भिंती घातल्या, रंग फासले, तारा ओढल्या, हे खरं. पण कचेऱ्या नसत्या तर तो उभा राहिला असता का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. पेशवाई संपल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आलं. वापर बदलत राहिला, म्हणून वाडा राहिला.

बंगल्यांच्या कुळातलं सर्वांत भव्य उदाहरण पुण्याच्या गणेशखिंडीत आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी पावसाळी निवासस्थान म्हणून बार्टल फ्रेअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, त्या इमारतीचं काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. उंच मनोरा आणि कमानींच्या ओवऱ्या असलेलं हे घर इटालियन वळणाचं आहे, गेबलांचं नाही. २२ जून १८९७ च्या रात्री इथूनच राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतताना पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरचं घर विद्यापीठाची मुख्य इमारत बनलं. नाचाच्या दालनात सभा भरू लागल्या, शयनगृहांत फायली आल्या. सत्तेचं घर ज्ञानाची कचेरी झालं याचा आनंद त्या पिढीला किती वाटला असेल, याची आज कल्पनाच करावी. घराला नवं काम मिळणं ही त्याच्या आयुष्यातली चांगली घटना असू शकते, हे मला गणेशखिंडीवरून पटतं.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते कचेरी घराला आपल्या मापात बसवू लागते तेव्हा. एक नेहमीचा बंगला डोळ्यांसमोर आणा. नवी मंडळी येतात. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून यंत्र बसवायचं, यंत्राची हवा वर जाऊ नये म्हणून दहा फुटांवर जिप्समचं फॉल्स सीलिंग ठोकायचं. त्रिकोणातला झरोका कबुतरं येतात म्हणून बंद. व्हरांड्याला ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काच लावून त्याची स्वागतकक्षाची खोली करायची. आता वरची पोकळी भट्टीसारखी तापते, हवेला वाट नाही, आणि व्हरांडा जी सावली देत होता तिच्या जागी काचेतून ऊन आत येतं. यंत्र मोठं घ्यावं लागतं. जे घर सावलीने आणि उंचीने थंड राहत होतं, ते विजेवर जगू लागतं.

यापेक्षा मोठं नुकसान नजरेचं आहे. कौल सरकलं किंवा फुटलं की पूर्वी पहिल्या सरीलाच जमिनीवर थेंब पडे, कोणीतरी वर बघे आणि कौल बदललं जाई. आता थेंब फॉल्स सीलिंगच्या पाठीवर पडतो. तिथे ओल धरते, रिपा कुजतात, वाळवी भिंतीतून वर चढून वाशांपर्यंत पोचते आणि खाली बसलेल्यांना पांढरंशुभ्र छत दिसत राहतं. एक दिवस छताचा तुकडा फायलींवर कोसळतो, तेव्हा छप्पर हाताबाहेर गेलेलं असतं. मग अहवाल येतो की इमारत धोकादायक आहे. लाकडी छपरांचा काळ संपला, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक लाकूड संपलेलं नसतं. त्याच्याकडे बघणारं कोणी उरलेलं नसतं.

ओझ्याचीही गोष्ट आहे. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. फायली ठेवायची वेगळी खोली नसलेल्या कचेरीत तो ४०० किलो आणि दफ्तरखान्यात ५०० किलोच्या आसपास जातो. कागद फार जड असतो. ज्या लाकडी मजल्यावर पलंग, कपाट आणि चार माणसं होती, तिथे लोखंडी रॅकच्या रांगा लावल्या की तुळया वाकतात. आणि तोच कागद, जुन्या सागवानाखाली, कशाही जोडत नेलेल्या विजेच्या तारांशेजारी, आगीला आमंत्रण ठरतो. भिंतींचंही तसंच. मूळ सांधे चुन्याचे आहेत. घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी, हा मसाला ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल बाहेर पडायची थांबते, आतच वर चढते आणि रंगाचे पोपडे निघतात. मग लोक जुन्या भिंतीला दोष देतात.

चांगली उदाहरणंही या पुस्तकात आहेत, आणि त्यांत महागडं काहीच नाही. ज्यांनी घर राखलं, त्यांच्या वागण्यात सारखेपणा दिसतो. खोल्या पाडायच्या तर फळ्यांच्या किंवा काचेच्या आडोशाने, माणसाच्या उंचीपेक्षा थोड्या वर, म्हणजे तक्तपोशी आणि कैच्या सलग दिसतात. व्हरांडा उघडा, तिथे येणाऱ्यांना बसायला बाकं. पूर्वी अर्जदार जिथे बसत तिथेच. स्वच्छतागृहं आणि पाण्याचे नळ मूळ घराच्या भिंतींत न घुसवता मागच्या बाजूला, जिथे पूर्वी स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या होत्या तिथे. दफ्तर तळमजल्याच्या फरशीवर. तारा भिंती न फोडता उघड्या नळीतून. थंड हवेचं यंत्र लावायचंच तर एखाद्या आतल्या खोलीपुरतं. आणि दर वर्षी, मृगाच्या आधी, शाकारणी.

शाकारणी हा शब्द शहरातल्या नव्या पिढीच्या कानावर कमी पडतो. मे महिन्यात छपरावर चढायचं, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, दोन पाख्यांमधल्या पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, कोन्यांचे सांधे चुन्याने भरायचे. गेबल जिथे मुख्य छपराला भिडतो, तिथली पन्हळ हीच गळतीची पहिली जागा. तिच्यातला जस्ताचा पत्रा गंजला की पाणी सरळ कैचीच्या टोकावर. चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात, सगळ्या छपरातली मोजकी कौलं दर वर्षी बदलावी लागली तर बिघडत नाही. पूर्ण छप्पर उतरवण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. राहत्या घराला एकट्या कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून राहावं लागतं. वारस परगावी गेले की शाकारणी थांबते, आणि चार-सहा पावसाळ्यांत मोभ बसतो. कचेरीला मात्र दुरुस्तीचं वार्षिक अंदाजपत्रक असतं, आवराआवर करणारा माणूस असतो, रोज दिवा लागतो. म्हणून मी कचेरीला घराचा आधार मानतो. तिच्याकडे पैसा आणि माणूस दोन्ही आहे. फक्त छपराकडे पाहण्याची सवय हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वास्तुवारशासाठी स्वतंत्र नियमावली देशात पहिल्यांदा मुंबईत १९९५ मध्ये आली. राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. नाशिक तिच्या कक्षेत येतं आणि तिच्यात वारसा जतनाची तरतूद आहे. देवळाली छावणीचा कारभार वेगळा; तिथे जमीन बहुधा सरकारची, इमारत धारकाची, आणि वापर बदलायला वेगळी परवानगी. पण वारसा यादीत नाव असलेल्या वास्तूंनाच संरक्षण मिळतं. साधे कौलारू बंगले कोणत्याच यादीत सहसा नसतात. त्यांचं भवितव्य मालकाच्या समजुतीवर, भाडेकरूच्या करारावर आणि ठेकेदाराच्या सवयीवर ठरतं. म्हणूनच हे पुस्तक तज्ज्ञांपेक्षा या तिघांच्या हाती पडावं अशी माझी इच्छा आहे.

पुढची मोजणीचित्रं वाचताना मजल्याच्या नकाशाआधी छेदचित्र पाहावं, ही विनंती. नकाशात खोल्या दिसतात. छेदात घर दिसतं. जोत्याची उंची, व्हरांड्याची खोली, भिंतीचा माथा, कैची, मोभ, झरोका आणि त्यांतून फिरणारी हवा हे सगळं छेदातच वाचता येतं. जिथे नंतरचं छत ठोकलेलं आहे तिथे ते तुटक रेषेने दाखवलं आहे. त्या तुटक रेषेच्या वर किती घर उरलं आहे ते पाहा. अनेक चित्रांत निम्म्याहून अधिक उंची तिच्या वर आहे.

यातून एक मागणी निघते, आणि ती मी आग्रहाने मांडतो. राहत्या घराची कचेरी करण्याची परवानगी मागताना मालक मजल्याचं क्षेत्रफळ दाखवतो, वाहनतळ दाखवतो, आग विझवण्याची सोय दाखवतो. कौलारू घर असेल तर त्या नकाशांबरोबर छपराचं छेदचित्र सक्तीने घ्यावं, नवं छत ठोकायचं असल्यास त्यात वर चढून पाहण्याची वाट दाखवायला लावावी, आणि भाडेकरारात शाकारणी कोणाची ते लिहून घ्यावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही नको. नाशिक महापालिकेने, देवळाली छावणीने आणि रेल्वेने आपापल्या ताब्यातल्या घरांपासून ही सुरुवात केली, तर बाकीचे मालक मागोमाग येतील. ज्यांच्या कचेऱ्या अशा घरांत आधीच आहेत त्यांनी परवानगीची वाट न पाहता या मे महिन्यात छताचा एक चौकोन काढून वर शिडी लावावी आणि आपल्या डोक्यावर काय आहे ते स्वतः पाहून घ्यावं.